ब्रेकअपनंतर एकटी हनोईला गेले त्याबद्दल, आणि ठाण्यात चित्र काढायला बसायचं कुठं त्याबद्दल

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका काकांचं पत्र आलं होतं. हल्लीच्या मुली प्रेमभंग झाला की बॅग भरून परदेशात एकट्याच निघतात, तिकडून फोटो टाकतात, त्याला स्वतःचा शोध म्हणतात आणि इकडे आईवडलांच्या जिवाला घोर लावतात, असं काहीसं त्यांचं म्हणणं होतं. मला काकांचा राग नाही आला, त्यांच्या घरी मुलगी असेल, काळजी वाटत असेल, पण ते पत्र काही केल्या डोक्यातून जाईना कारण त्यांनी जिच्याबद्दल लिहिलंय ती मीच आहे, फक्त मी फोटो नाही टाकले, चित्रं काढली. म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल, जमेल तेवढं छापा, पण शेवटी ठाण्यासाठी एक मागणी आहे ती मात्र कापू नका ही विनंती.

मी नौपाड्यात राहते, वागळे इस्टेटमधे एका कंपनीत अकाउंट्स बघते, वय पस्तिशीच्या पुढे. लग्न ठरलं होतं, बरीच वर्षं एकत्र होतो, दोन्ही घरी येणंजाणं होतं, पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवूनही झाली होती आणि मग त्यानं नाही सांगितलं. कारण इथं लिहीत नाही, ते आमच्या दोघांतलं आहे. पण ज्यांचं असं झालंय त्यांना माहितीये की दुःख एकीकडे आणि नंतरचा सगळा कारभार एकीकडे, हॉलवाल्याला फोन करा, केटररला फोन करा, सोनाराकडे टाकलेले दागिने थांबवा, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगा आणि तुम्ही सांगितलं की समोरचा एकदम आवाज खाली आणून बोलायला लागतो. बिल्डिंगमधल्या बायका मी लिफ्टमधे शिरले की गप्प व्हायच्या. ऑफिसमधे डब्याच्या वेळेला माझ्यासमोर कुणी कुणाच्या लग्नाचा विषय काढायचं नाही. सगळे चांगलेच वागत होते आणि त्या चांगल्या वागण्यानंच मला गुदमरायला व्हायचं.

आणि ठाणं. ठाणं घोडबंदरपर्यंत कितीही वाढलं तरी आमच्यासारख्या जुन्या लोकांचं ठाणं अजून स्टेशनपासून चालत जाता येईल तेवढंच आहे. तलावपाळी, गडकरी रंगायतन, राम मारुती रोड, मामलेदारची मिसळ, फार तर उपवन. कुठंही जा, आम्ही दोघं तिथं आधीच बसलेले. आत्या म्हणाली गोंदवल्याला जाऊन ये, मावशी म्हणाली वर्षभर थांबू आणि परत स्थळं बघू. आईनं फक्त एकच विचारलं, परत येशील ना. हो म्हटल्यावर म्हणाली मग जा. आईबापाच्या जिवाला घोर म्हणतात ना काका, तो माझ्या आईला मी घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे तेव्हा जास्त होता.

हनोईच का, तर युरोपचं आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं, त्यामुळे तिकडं जायची इच्छा नव्हती. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरमधे घरबसल्या होतो, 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, मुंबईहून थेट विमान आहे आणि रुपयाला साधारण 300 डाँग येतात त्यामुळे साध्या पगारात झेपतं. हे मुद्दाम लिहितेय कारण सोलो ट्रिप म्हटलं की लोकांना वाटतं लाखो रुपये उडवून आली. लग्नासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतले थोडेच गेले.

सुरुवातीला तिथं मी काहीही केलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हनोईचं आभाळ राखाडी असतं आणि सतत भुरभुर चालू, छत्री उघडावी इतका पाऊस नाही आणि कोरडं राहता येईल असंही नाही. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत. मी होमस्टेच्या खोलीत पडून राहायचे, रडायचे, भूक लागली की खाली जाऊन एक वाडगं फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खायचे आणि परत वर. पण रडताना कुणी आवाज खाली आणून बोलत नव्हतं, माझी भाषाच कुणाला येत नव्हती, आणि हे किती मोठं सुख असतं ते मला तिथं कळलं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी होआन कीम तलावावर गेले. हनोईचं जुनं शहर या तलावाच्या काठाला आहे. पाण्यात एका छोट्या बेटावर कासवाचा मनोरा म्हणतात तो आहे, दुसऱ्या बेटावर न्गोक सन नावाचं देऊळ आणि तिथं जायला लाल रंगाचा लाकडी पूल. जी मुलगी तलावपाळीच्या पाण्यातलं ते छोटं देऊळ बघत लहानाची मोठी झाली तिला तिथं उभं राहिल्यावर काय वाटलं असेल ते ठाणेकरांना सांगायची गरज नाही. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, 2016 पासून ही पद्धत आहे. सगळं शहर रस्त्यावर चालत असतं, पोरं दोरीउड्या मारतात, वयस्क बायका स्पीकर लावून नाचतात, आणि काठानं चित्रकार बसलेले असतात, छोटं स्टूल, बोर्ड, पेन्सिली, समोर गिऱ्हाईक. मी एका वयस्कर चित्रकाराच्या मागे उभी राहिले. तो एका लहान मुलीचं पोर्ट्रेट काढत होता आणि तिचा डावा डोळा किंचित वर गेला होता. मला ते दिसलं आणि माझा उजवा हात आपोआप उठला, जसा मी तो डोळा खाली घेणार होते. त्यानं पण थोड्या वेळानं पुसून तिथंच खाली घेतला. बास, एवढंच झालं. पण कितीतरी महिन्यांनी मला माझ्या दुःखाव्यतिरिक्त काहीतरी नीट दिसलं होतं, आणि ते बरोबर दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्केचबुक, टूबी पेन्सिल आणि वॉटरकलरचा छोटा डबा घेतला.

इथं थोडं मागचं सांगायला लागेल. मी शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. महाराष्ट्रात लाखो मुलं या परीक्षा देतात, वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि माझं सगळ्यात आवडतं स्मरणचित्र, म्हणजे समोर काही नसताना बाजार नाहीतर बस स्टॉप आठवून माणसांसकट काढायचा. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आपल्या मुंबईत आहे, ठाण्याहून एका लोकलच्या अंतरावर, आणि मला तिथं जायचं होतं. बाबा म्हणाले चित्रं रविवारी काढ, कॉमर्स घे. घरची परिस्थिती तशीच होती, त्यांना मी दोष देत नाही. पण तो रविवार काही आला नाही. आधी परीक्षा, मग नोकरी, मग तो. त्यानं चित्राला कधी नको म्हटलं नव्हतं. पण सुट्टीचा दिवस दोघांचा असतो आणि दोघांच्या दिवसात एकटीनं तीन तास गप्प बसून चित्र काढायला जागा नसते, कुणी काही न बोलता रंग माळ्यावर जातात. हे मी बऱ्याच बायकांचं पाहिलंय, कुणाची पेटी गेली, कुणाचं कथक गेलं, आणि विचारलं तर म्हणतात अगं वेळच नाही मिळत.

हनोईच्या जुन्या भागात पूर्वी एकेका रस्त्यावर एकेक धंदा असायचा आणि रस्त्यांची नावं अजून तीच आहेत. हांग थिएकला पत्र्याचं काम, अजूनही तिथं फुटपाथवर बसून पत्रा ठोकतात आणि त्या आवाजात बोलायचा प्रश्नच येत नाही. हांग मा या रस्त्याला कागदाच्या वस्तू, लाल कंदील, पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी चीजवस्तू. मी फुटपाथवरच्या त्या गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून काढत राहिले. हात आखडला होता, सुरुवातीची पानं वाईट आली, माणसं लाकडाची वाटायची. पण स्मरणचित्राचा सराव कुठं जात नाही, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर कावड घेऊन जाणारी बाई दोन सेकंदांत निघून जाते, ती मनात धरून ठेवायला मी सातवी-आठवीत शिकले होते आणि ते अजून येत होतं. दमट हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळायचा नाही, रंग एकमेकांत पळायचे, मग मी त्यांना पळू द्यायला लागले. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तपकिरी टाकला की जो राखाडी येतो ना, अख्खं हनोई त्या राखाडीत काढता येतं, वर फक्त कुठंतरी एक लाल कंदील.

लोक मागे येऊन उभे राहायचे, बघायचे, जायचे. एका कोपऱ्यावर बर्फाचा चहा विकणाऱ्या एक आजी होत्या, त्यांनी भुरभुर वाढल्यावर माझं स्टूल मला न विचारता ओढून आपल्या ताडपत्रीखाली घेतलं. वहीत डोकावल्या. मग केस सारखे केले आणि माझ्यासमोर ताठ बसून राहिल्या, म्हणजे आता माझं काढ. त्यांच्या धंद्याच्या वेळेत. मी त्यांचं चित्र काढताना रडले आणि त्या हलल्या नाहीत, चित्र पूर्ण होईपर्यंत हलल्या नाहीत.

तिथल्या ललित कला संग्रहालयात गेले तेव्हा बुई सुआन फाई यांची चित्रं पाहिली. हा माणूस 1920 चा, हनोईच्या जुन्या गल्ल्या काढायचा, रिकाम्या, करड्या, जाड काळ्या रेषेच्या, इतक्या की तसल्या गल्ल्यांना तिथं फाईचे रस्ते असंच म्हणतात. कलावंतांच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं उभे राहिले म्हणून 1957 मधे त्यांना आर्ट कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडावी लागली. पुढं वर्षानुवर्षं प्रदर्शन नाही. कॅनव्हासला पैसे नाहीत तर वर्तमानपत्रावर काढलं, काडेपेटीवर, सिगारेटच्या पाकिटावर काढलं. पहिलं एकट्याचं प्रदर्शन 1984 ला, वयाच्या 64 व्या वर्षी, आणि 1988 ला ते गेले. मी हे सगळं समजून घेतल्यावर परत जाऊन त्यांच्या गल्ल्यांसमोर बराच वेळ बसले. माझ्या मनात चित्रकार म्हणजे जे.जे.चं सर्टिफिकेट आणि जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन असं पक्कं बसलेलं होतं, ते नाही म्हणजे आपण चित्रकार नाही, आपल्याला फक्त आवड आहे. फाई त्या सगळ्या वर्षांत, ज्यात त्यांचं कुणी प्रदर्शन लावत नव्हतं, चित्रकार नव्हते का? होते की. रोज होते.

परत यायच्या आधी लॅकरचा, म्हणजे झाडाच्या चिकानं चित्र करायचा, छोटा कोर्स केला, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नसतं. व्हिएतनाममधे लाखेसारखा दिसणारा एक झाडाचा चीक असतो, फु थो भागात ती झाडं आहेत, पूर्वी त्याचा उपयोग देवळातल्या मूर्ती, देव्हारे, डबे यांना व्हायचा. 1925 मधे हनोईत फ्रेंचांच्या काळात आर्ट कॉलेज निघालं, व्हिक्टर तार्दिउ आणि न्गुएन नाम सन यांनी ते उभं केलं, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी या कारागिरांच्या चिकातून चित्रं करायला सुरुवात केली. हे झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं, त्यामुळे कच्चा चीक अंगाला लागला तर बिबा उततो तसंच उततं. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा हातमोजे दिले. हा चीक लोखंडाच्या भांड्यात लोखंडी दांड्यानं बरेच तास ढवळला की काळा होतो, लोखंड न लावता मातीच्या भांड्यात ढवळला तर लालसर तपकिरी, त्या रंगाला ते लोक झुरळाच्या पंखाचा रंग म्हणतात. आणि पांढरा येतच नाही, चीक मुळात काळपट असल्यामुळे त्यात कुठलाही पांढरा मिसळला तरी मळकाच होतो. म्हणून पांढऱ्यासाठी बदकाच्या अंड्याचं कवच वापरतात. कवच चिकटवायचं, हलक्या हातानं दाबून फोडायचं, बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांत काळा बसतो. मी चहावाल्या आजींचं स्टूल आणि त्यावरचा काचेचा ग्लास केला, ग्लासाची चमक कवचाची.

मग बाईंनी ब्रश घेऊन माझ्या सगळ्या चित्रावर वरून काळा थर दिला. पूर्ण झाकलं. माझा जीव वर आला होता पण पद्धत तीच आहे, थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत थर, आणि वाळण्यासाठी याला दमट हवा लागते, कोरड्या हवेत हा चीक नीट धरत नाही, म्हणजे ज्या ओलीनं माझा वॉटरकलर वाळत नव्हता त्याच ओलीत हे पक्कं होतं. मग पाणी टाकून बारीक पॉलिशपेपरनं घासायचं. किती घासायचं ते कुणी सांगू शकत नाही, कमी घासलं तर खालचं दिसत नाही, जास्त घासलं तर गेलं. बोटाला कळायला लागतं. मी सबंध दिवस घासत बसले होते, आणि संध्याकाळी बाहेर पडून रस्ता ओलांडताना लक्षात आलं की आज दिवसभरात मला त्याची एकदाही आठवण आली नाही. लक्षात आलं म्हणजे आलीच आठवण, आणि त्या रात्री परत रडले. पण तो दिवस माझा झाला होता.

तर काका, मुली बाहेर जातात त्यातल्या किती जणी काय शोधतात मला माहीत नाही, कुणी नुसतं फिरून, खाऊनपिऊन परत येत असेल तर तेही तिच्या हक्काचं आहे, कमावत्या बाईनं आपल्या पैशानं चार दिवस मोकळा श्वास घेतला तर त्यात शोध लागलाच पाहिजे असं काही नाही. माझ्याबाबतीत एवढंच झालं की कुणाची होणारी बायको, कुणाची बिचारी मुलगी यातलं काहीच नसलेल्या ठिकाणी मी काही दिवस राहिले आणि तिथं मी काय करते तर चित्र काढते, एवढीच माझी ओळख होती. चहावाल्या आजींना माझं नाव माहीत नाही. त्यांना फक्त माझा हात माहितीये.

आता मुद्द्याचं. परत आल्यावर मी ठरवलं की इथंही बाहेर बसून काढायचं. रविवारी सकाळी लवकर तलावपाळीवर जाते, कधी कोपिनेश्वराच्या बाजूला, कधी जांभळी नाक्याला फुलवाल्यांपाशी. काय होतं सांगू, दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं, सबमिशन आहे का, कुठलं कॉलेज, सर्व्हे चाललाय का, इथं काय नवीन बांधणार आहेत का. मागं एकदा शहरातल्या एका बागेत सुरक्षारक्षकानं उठवलं, म्हणे परवानगीचं पत्र दाखवा. पेन्सिल आणि कागदाला परवानगी. एका गृहस्थांनी तर मायेनंच विचारलं, बाळ, घरी कुणी नाही का. लोक वाईट नाहीत, पण मोठ्या बाईनं एकटीनं, कुठल्याही कारणाशिवाय, सार्वजनिक जागी दोन तास बसून चित्र काढायचं हे आपल्या डोळ्यांना सवयीचंच नाहीये. मुलांनी काढलं तर स्पर्धा, कॉलेजच्या पोरांनी काढलं तर सबमिशन, आणि मोठ्यांनी काढलं तर काय, त्याला शब्द पण नाही आणि जागा पण नाही. हनोईत मी धीट होते आणि ठाण्यात भित्री झाले असं तर नाही ना, तिथं सगळ्यांच्या डोळ्यांना चित्र काढणारा माणूस रोजचा होता एवढाच फरक.

आपण ठाण्याला तलावांचं शहर म्हणतो. म्हणून पालिकेकडे माझी मागणी साधी आहे, पैसे फारसे लागणार नाहीत. रविवारी सकाळी 6 ते 9 तलावपाळीचा एक तुकडा, गडकरीच्या बाजूचा चालेल, गाड्या आणि स्टॉल न लावता मोकळा ठेवा, आणि एक पाटी लावा की इथं बसून चित्र काढायला कुणालाही मुभा आहे. पाटी महत्त्वाची आहे, ती एकदा लागली की उठवायला कुणी येणार नाही आणि येणारेजाणारे कारण विचारणार नाहीत. ब्रश धुवायला एक नळ आणि बसायला चार बाकं. बागांच्या सुरक्षारक्षकांना एक ओळीचा आदेश द्या की कागद-पेन्सिलवाल्यांना परवानगी विचारू नका. कापूरबावडीला पालिकेचं कलाभवन आहे, तिथं वर्षातून एकदा अशा लोकांची चित्रं लावा ज्यांच्याकडे कुठल्याच आर्ट कॉलेजचं सर्टिफिकेट नाही, निवड समिती नको, जो आणेल त्याचं लावा.

आणि एक मागणी तुमच्याकडे, संपादक साहेब. तुमच्या ठाणे पुरवणीत शाळेच्या मुलांची चित्रं येतात, छान वाटतं बघायला. तशीच आठवड्याला एक छोटी चौकट मोठ्या वाचकांसाठी द्या, पोस्टकार्डाएवढी पुरेल. घरकाम करणाऱ्या, निवृत्त झालेल्या, बँकेत काम करणाऱ्या, कुणाच्याही. मला खात्री आहे या शहरात ए ग्रेडवाल्या खूप जणी आहेत ज्यांचे रंग माळ्यावर आहेत, त्यांना फक्त कळायला हवं की कुणीतरी मागतंय.

तोपर्यंत पाटी नसली तरी मी दर रविवारी सकाळी सव्वासहापासून तलावपाळीला असते. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, बाईमाणूस, बाप्ये, सगळ्यांनी. चित्र येतच असलं पाहिजे असं नाही. बसायला आसन, झाकणाची पाण्याची बाटली आणि फडका आणा, कागद माझ्याकडे जास्तीचे असतात.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे